द्राक्षे युरोपला धाडताना फवारणीची वही



माल परदेशी जायचा म्हणजे कागदपत्रं निर्यातदाराची आणि आपण फक्त घड तोडून द्यायचे, असं पुष्कळजण धरून चालतात. बिल, पेट्यांची यादी, कस्टमचे कागद, बोटीची पावती ही कामं खरोखरच निर्यातदाराची. पण या सगळ्यांच्या बुडाशी एक कागद असतो आणि तो आपल्या बांधावर लिहिला जातो. तो म्हणजे फवारणीची नोंदवही.

युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेने २००६ साली ग्रेपनेट ही संगणकावरची नोंद सुरू केली. कृषी खात्याकडे बागेची नोंदणी केली की तिला नंबर मिळतो. तोडणीआधी प्रयोगशाळेचा माणूस त्याच बागेतून नमुना नेतो. औषधाचा अंश मर्यादेत निघाला तरच माल पॅकहाऊसला जातो. पुढे प्रतवारीचा दाखला, मग रोगकिडीबाबतचा फायटोचा दाखला. पेटीवरच्या खुणेवरून तिकडचा माणूस थेट आपल्या बागेपर्यंत माग काढू शकतो.

ही मर्यादा किती बारीक असते ते पाहा. २०१० साली आपली द्राक्षे युरोपात अडली, ती सी.सी.सी. म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडमुळे. छाटणीनंतर काडीचा जोम रोखायला आपण ते वापरत होतो. तिकडची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत अवघा एक ग्रॅम! आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत हे नावच नव्हतं, त्यामुळे इथले अहवाल चांगले आले आणि माल तिथे जाऊन अडकला. निर्यातदार बुडाले, बागायतदारांचे पैसे थकले. त्यानंतर ते औषध तपासणीत घेतलं गेलं.

म्हणून वहीत नुसतं "बुरशीचं औषध मारलं" असं लिहून भागत नाही. तारीख, बागेचा नंबर, औषधाचं मूळ नाव, प्रमाण, पाणी किती आणि कशासाठी मारलं, एवढं लिहावं. मूळ नावाचा आग्रह अशासाठी की दुकानात एकच औषध दोन नावांनी मिळतं. आपण दोन वेगळी औषधं मारली असं समजतो आणि अंश मात्र दुप्पट साठतो. दुकानाची पावती त्याच पानाला टाचून ठेवा. कोणतं औषध चालतं आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं, ते पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या परिशिष्ट ५ मध्ये दिलेलं असतं. तीस दिवस सांगितले असतील आणि १० जानेवारीला फवारा झाला असेल, तर ९ फेब्रुवारीच्या आत कात्री लावायची नाही, व्यापारी दारात उभा असला तरी. वही रोजच्या रोज लिहावी. हंगामाच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेली वही पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते.

आणखी एक, जरा कडू वाटेल. भाऊबंदाची बाग नोंदवलेली नाही, चार क्विंटल माल आपल्या नंबरावर घालू द्या, अशी गळ घातली जाते. नाही म्हणणं जड जातं, हे खरं. पण नमुना तुमच्या बागेचा आणि पेटीत माल त्याचा, अशी गत होते. तिकडे अंश सापडला की माग तुमच्या नंबरावर येतो. वही कितीही चोख असली तरी त्या पेटीपुरती ती निरुपयोगी. त्यापेक्षा त्याला आपल्याबरोबर सहायक कृषी अधिकाऱ्याकडे घेऊन जा.

अर्जासोबत सातबाराचा उतारा आणि बागेचा नकाशा लागतो. मागल्या सालची नोंदणी यंदा आपोआप चालत नाही, ती दरसाल करावी लागते. फळछाटणी उरकली की त्याच आठवड्यात हे काम करून घ्या. पुढे डिपिंग, विरळणी सुरू झाली की तालुक्याला जायला सवड कुठली?