गंजलेल्या इंजिनाचा जीर्णोद्धार

श्रोतेहो, जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांच्या आणि वाड्यांच्या बाबतींत वापरतों. आज मी तो एका लोखंडी इंजिनासाठीं वापरणार आहें.

अमेरिकेतील फोर्ड कंपनीनें १९३२ सालीं आपल्या स्वस्त मोटारींत आठ सिलिंडरांचें, व्ही आकाराचें इंजिन बसविलें. तोंवर अशीं इंजिनें बहुधा श्रीमंतांच्या गाड्यांतच दिसत. फोर्डनें सगळे सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यांत घेतले आणि झडपाही त्यांच्या शेजारीं ठोकळ्यांतच ठेवल्या. त्यामुळें वरचें हेड म्हणजे केवळ एक सपाट झांकण उरलें; म्हणून या इंजिनास ‘फ्लॅटहेड’ हें नांव पडलें. अमेरिकेत तें १९५३ पर्यंत फोर्डच्या मोटारींत होतें.

दक्षिण कॅलिफोर्नियांतील तरुण जुन्या फोर्ड गाड्या घेत, त्यांचे मडगार्ड काढून वजन कमी करीत, इंजिनाची शक्ति वाढवीत आणि म्युरॉक, एल मिराज येथील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर शर्यती लावीत. १९३७ सालीं त्यांच्या मंडळांनीं एक संघही स्थापन केला. अशा गाडीस ‘हॉट रॉड’ म्हणतात. आजही ही परंपरा पाळणारे लोक त्या काळचेंच इंजिन हवें असा आग्रह धरतात. आणि तें मिळतें तेव्हां पुष्कळदां अनेक वर्षें कोठारांत पडून जाम झालेलें असतें.

असें इंजिन हातीं आलें, कीं पहिला मोह होतो तो बळाचा. लांब दांडा लावून क्रँक फिरविण्याचा प्रयत्न होतो, आणि जें नुसतें अडकलेलें होतें तें मोडतें. म्हणून अडकण्याचें कारण आधीं समजून घ्यावें. इंजिन थांबतें तेव्हां कांहीं झडपा उघड्याच राहतात. त्या वाटेनें दमट हवा, कधीं पाणीही, आंत शिरतें. गंज हा मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांमधील सूक्ष्म फट भरून जाते. पुष्कळदां आठांपैकीं एकदोन पिस्टनच खरे अपराधी असतात. बाकीचे त्यांच्या संगतीनें अडकलेले असतात.

उपाय सावकाशीचा आहे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत झिरपणारें पातळ तेल ओतावें आणि कित्येक दिवस तसेंच राहूं द्यावें. कांहीं कारागीर अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गियरबॉक्सचें तेल समभाग मिसळून वापरतात. मात्र हें मिश्रण फार ज्वालाग्राही असल्यानें जवळ ज्योत आणूं नये. पुढें हेड काढावयाचें. त्याच्या स्टडांचीं भोंकें पाण्याच्या पोकळींत उघडतात, म्हणून स्टड गंजून घट्ट बसलेले असतात. झटका दिला कीं ते तुटतात, आणि तुटलेला स्टड कोरून काढणें हें मोठें जिकिरीचें काम होतें. हेड निघाल्यावर पिस्टनच्या वर सांचलेला गंज खरवडावा, नाहीं तर वर सरकणारा पिस्टन तेथेंच पुन्हां अडकतो. मग बेअरिंगांच्या कॅपांवर खुणा करून क्रँक सोडवावा, म्हणजे प्रत्येक पिस्टन स्वतंत्र होतो. लांकडाचा तुकडा मधें धरून हलके ठोके द्यावे. पिस्टन केसभर हलला, कीं पुन्हां तेल घालावें. एखादा मुळींच ऐकेना, तर पिस्टन फोडावा, सिलिंडर जपावा. कारण पिस्टन नवा मिळतो, जुना चांगला ठोकळा मिळणें दुर्घट.

पण पिस्टन सुटले म्हणजे इंजिन वांचलें असें नव्हे. या रचनेंत जळलेला वायु ठोकळ्यांतूनच बाहेर जातो, आणि एका बाजूच्या चार सिलिंडरांना वाटा तीनच. त्या उष्णतेनें झडपेची बैठक आणि सिलिंडर यांच्या दरम्यान तडे जातात. म्हणून ठोकळा स्वच्छ धुऊन, पाण्याच्या मार्गांत राहिलेली ओतकामाची वाळूही काढावी. नंतर त्यास चुंबकत्व देऊन वर लोखंडाची बारीक भुकटी टाकतात. ती तड्यावर रेघेसारखी जमते. स्टडच्या भोंकाजवळचा लहानसा तडा पुष्कळदां चालून जातो. सिलिंडरांत उतरलेल्या तड्यास स्लीव्ह बसवावी लागते. तडे अनेक असतील, तर तेथेंच थांबणें शहाणपणाचें. ही परीक्षा खर्चाच्या आधीं व्हावी. पैसे ओतून झाल्यावर निकाल ऐकण्यांत अर्थ नाहीं.

ठोकळा उत्तीर्ण झाला, कीं मग हौसेला वाव मिळतो. मर्क्युरीच्या, तसेंच दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फोर्ड गाड्यांचें इंजिन २३९ घन इंचांचें होतें. त्याचे सिलिंडर १/८ इंचानें रुंदावून, पावणेचार इंच धांवेच्या क्रँकऐवजीं मर्क्युरीचा १९४९ नंतरचा चार इंच धांवेचा क्रँक बसविला, म्हणजे तें सुमारें २७६ घन इंचांचें होतें. हॉट रॉडवाल्यांचा हा आवडता मेळ. तथापि गंजानें भिंती पातळ झाल्या नाहींत ना, हें मोजल्यावांचून इतकें कोरूं नये.

श्रोतेहो, वेगासाठीं तयार केलेलें हें यंत्र पुन्हां चालतें करतांना मात्र घाई उपयोगी पडत नाहीं. तेलाला झिरपण्यास अवधि द्यावा, तड्याचा निकाल निमूटपणें मानावा, आणि जें पुन्हां मिळणार नाहीं तें आधीं जपावें, एवढें पथ्य पाळणाऱ्याच्याच हातून जुनें इंजिन पुन्हां बोलूं लागतें.