टपावरचे ओझे

एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्यानंतर कित्येक वर्षे मराठी माणसाचा अर्धा संसार गाडीच्या टपावरूनच प्रवास करीत असे. मागच्या शिडीने हमाल वर चढे, आणि वळकट्या, ट्रंका, आंब्यांच्या पेट्या, प्रसंगी एखादी सायकलही सुंभाच्या दोरीने वर जखडली जाई. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीवरही तसाच लोखंडी कॅरियर असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला. टपाची हौस मात्र गेली नाही. चारही चाकांना गती देणाऱ्या उंच, दणकट गाड्या आता पुष्कळ कुटुंबांच्या दारात उभ्या असतात. सुटी लागली की मुलांना सायकलीही बरोबर हव्या असतात. मग दिल्लीहून मनालीला, बंगळुरूहून कूर्गला, नागपूरहून पचमढीला किंवा पुण्याहून वरंध घाटाकडे निघालेल्या मंडळींपुढे प्रश्न उभा राहतो: हे सारे ठेवावयाचे कोठे?

दुकानात गेल्यावर आपण प्रथम रॅकची शोभा पाहतो. वास्तविक प्रथम पाहावयाचे असते ते गाडीबरोबर मिळालेले पुस्तक. टपावर किती भार चालेल याचा आकडा त्यात असतो, आणि तो वाचून बहुतेकांना आश्चर्य वाटते. दोन टनांच्या आसपास वजनाची, ओढे-नाले लीलया पार करणारी ही गाडी टपावर मात्र बहुधा पन्नास ते शंभर किलोंपलीकडे काही घेऊ इच्छीत नाही! एस.टी.चा सांगाडाच टपावरील सामान गृहीत धरून उभा केलेला असे. आपल्या गाडीचा टप म्हणजे पातळ पत्रा आणि त्याखालच्या चार-पाच पट्ट्या.

आता थोडा हिशेब करू. समजा, पुस्तकात पंचाहत्तर किलो लिहिले आहे. वेल्डिंगवाल्याकडून करवून घेतलेली, टपभर पसरलेली लोखंडी जाळी सहज अठ्ठावीस किलो भरते. सायकली उभ्या करण्याचे दोन पन्हळीसारखे साचे आठ किलो. दोन सायकली प्रत्येकी पंधरा, म्हणजे तीस. बाकी राहिले नऊ किलो! एवढ्यात एक वळकटी मावेल. ‘जाळीचे वजन कोण धरतो?’ असे विचारणारे गृहस्थ भेटतात; पण टपाला जाळी आणि सामान यांतला भेद कळत नाही. जाळीऐवजी ॲल्युमिनियमच्या दोन आडव्या दांड्या घेतल्या, तर पाच-सहा किलोंत भागते आणि तीस किलो शिल्लक उरतात. म्हणून माझे मत दांड्यांच्या बाजूचे आहे. लोखंडी जाळी गाडीला रुबाब आणते हे खरे, पण त्या रुबाबाचे भाडे आपण प्रत्येक मैलाला भरतो.

शिवाय दांड्यांचा स्वतःचाही एक आकडा असतो. गाडीचा आणि दांड्यांचा, या दोहोंत जो लहान असेल तोच खरा मानावा. कच्च्या रस्त्यावर तो आणखी कमी धरावा, असे रॅकचे उत्पादक स्वतःच सांगतात. कारण खड्ड्यातून उसळी घेताना पंधरा किलोंची सायकल पंधरा किलोंची राहत नाही. उभ्या गाडीचा टप याहून पुष्कळ अधिक भार पेलतो, म्हणूनच टपावर तंबू लावून माणसे निजू शकतात. मात्र तो हिशेब धावत्या गाडीला लावू नये.

हा कंजूषपणा कशासाठी, तर घाटासाठी. उंच गाडीचा गुरुत्वमध्य आधीच वर असतो; टपावर भार चढला की तो आणखी वर सरकतो, आणि वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस अधिक झुकते. जोराचा ब्रेक लावला तर टपावरचे साठ किलो सामान जवळजवळ पन्नास किलोंच्या जोराने पुढे झेपावू पाहते. त्या झेपेला अडविणारे असतात फक्त चार लहान पाय आणि काही पट्टे. मागून एखादा स्कूटरस्वार येत असेल, तर आपल्या गाठीवर त्याचाही जीव टांगलेला असतो. म्हणून जड पेट्या, पाण्याचे कॅन, हत्यारे ही गाडीत, खाली, मागच्या आसनाला टेकवून ठेवावीत. वर जावे ते हलके आणि अडचणीचे: अंथरुणे, तंबू, सायकली.

या दांड्या टपाला धरतात कशा? जुन्या गाड्यांना कडेने पावसाच्या पाण्याची पन्हळ असे, आणि कॅरियरचे आकडे तिलाच अडकवीत. जिप्सीला ती होती. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीलाही ती आहे. अशी पन्हळ हा फार भरवशाचा आधार होय. इतर गाड्यांना टपाच्या दोन्ही कडांनी लांबट कठडे असतात. त्यांतले काही केवळ शोभेसाठी चिकटविलेले असतात. म्हणून ते भार घेतात की नाही, हे पुस्तकात पाहिल्यावाचून त्यांवर काही लादू नये. काहीच नसेल, तर दाराच्या फटीत पकडी बसवाव्या लागतात. आणि थारसारख्या गाडीचे छप्पर कापडी असेल, तर टपाचा विषयच संपला.

सायकल टपावर उभी करण्याचे दोन प्रकार आहेत. एकात पुढचे चाक काढून सायकलीचा चिमटा साच्यात आवळतात. पकड पक्की बसते, पण सुटे चाक सांभाळावे लागते. दुसऱ्यात दोन्ही चाके साच्यात राहतात आणि एक हात सायकलीच्या नळीला धरतो. नळी कार्बनची असेल तर हा दुसरा प्रकार टाळावा. दाबाने तिला तडा जाऊ शकतो. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: गाडी पावणेदोन-दोन मीटर उंच, तिच्यावर पंधरा किलोंची सायकल दर वेळी डोक्यावर उचलून चढवावयाची आहे. ते काम घरात कोण करणार? वर सायकल उभी राहिली की एकूण उंची तीन मीटरच्या घरात जाते. तळघरातल्या वाहनतळाच्या तोंडाशी असलेला अडसर बहुधा दोन मीटरांहून थोडासाच उंच असतो. दिवसभराच्या प्रवासाने दमलेल्या चालकाला टपावरच्या सायकलीचा विसर पडतो. तेव्हा गाडीची नवी उंची एका चिठ्ठीवर लिहून ती सुकाणूसमोर चिकटवावी, हे उत्तम.

मागच्या बाजूचे कॅरियर चढवावयास सोपे. थार, जिम्नी यांच्या मागच्या दारावर जादा चाक असते, आणि त्या चाकालाच धरणारे कॅरियर मिळतात. पण ते चाक आधीच दाराच्या बिजागऱ्यांना लोंबत असते. त्यावर दोन सायकली म्हणजे बिजागऱ्यांची कसोटी. एखादी हलकी सायकल ठीक, विजेची पंचवीस किलोंची मुळीच नको. पट्ट्यांनी दाराला लटकणारा प्रकार स्वस्त आहे. तो रंगाला ओरखडे पाडतो आणि त्याचे पट्टे सैल होतात. मुलींच्या, मधली आडवी नळी नसलेल्या सायकली लटकविण्यास एक जोडनळी वेगळी घ्यावी लागते. सायकलीची लांबी पावणेदोन मीटर आणि जिम्नीची रुंदी त्याहून कमी. तेव्हा चाके दोन्ही बाजूंस बाहेर डोकावतात. टायर धुराच्या नळीसमोर येऊ देऊ नये, हेही पाहावे.

आणि कायदा. मागचे दिवे व नंबराची पाटी झाकली जाता कामा नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे बावन्नावे कलम गाडीच्या मूळ घडणीत फेरबदल करण्यास मनाई करते. म्हणून टपाला भोके पाडणे किंवा काही कायमचे जोडणे टाळावे, आणि आपल्या आर.टी.ओ.ला विचारून मगच पैसे मोजावेत.

काम संपले की रॅक उतरवावा. वेग पन्नासावरून शंभरावर गेला की वाऱ्याचा अडसर चौपट होतो, आणि रिकामा रॅकही तो अडसर वाढवितोच. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशेब केला, तेव्हा तेथल्या हलक्या वाहनांच्या एकूण इंधनापैकी हजारात एका हिश्श्याच्या जवळपास केवळ या रॅकपायी जळते असे दिसले.

बांधण्यासाठी रबरी ताण-दोऱ्या नकोत, त्या लांबतात. रुंद नायलॉनचे पट्टे घ्यावेत. ते वाऱ्यात गुणगुणू लागले तर त्यांना एक पीळ द्यावा, आवाज बंद होतो. निघताना रॅक हाताने जोरात हलवून पाहावा: रॅक न हलता सगळी गाडी डुलली पाहिजे. आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवर जेथे पहिला चहा घ्याल, तेथे कप तोंडाला लावण्यापूर्वी एकदा खाली उतरून प्रत्येक पट्टा पुन्हा आवळावा.