मधाचं बोट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी तळेगाव ढमढेरेची. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, आता घरी असते. आज मला एका आजीबद्दल बोलायचं आहे आणि ती आजी मीच आहे.

गेल्या वर्षी मला नातू झाला. पहिलं बाळंतपण म्हणून सूनबाई माहेरी होती. बाळ पाहायला गेले तेव्हा माझ्या पिशवीत डिंकाचे लाडू होते, आळीव होते आणि रानातल्या मधाची एक बाटली होती. बाळाला मांडीवर घेतलं, बोट मधात बुडवलं, तोच सून म्हणाली, "आई, मध नको. वर्षभर तरी नको." आवाज चढलेला नव्हता. पण खोलीत विहीणबाई होत्या, शेजारच्या दोघी होत्या. ते बोट मी पदराला पुसलं. परतताना एसटीत शिक्रापूर येईपर्यंत मी यांच्याशी एक शब्द बोलले नाही. दोन मुलं वाढवली, शेकडो पोरांना शिकवलं आणि आता मला शिकवणी?

रात्री झोप लागेना. १९८४ साल आठवलं. माझी थोरली तेव्हा जन्मली. पहिलं पिवळसर दूध बाळाला पचत नाही, असं आमच्या आत्याबाई म्हणाल्या. ते पिळून टाकायला लावलं. तीन दिवस बाळाला मधाचं बोट आणि गुळाचं पाणी. बाळ अंगावर ओढत नाही म्हटल्यावर दूधही उतरेना. मग 'हिला दूधच नाही' असं ठरलं आणि डब्याची पावडर आली. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र. महाग म्हणून आम्ही पावडर कमी, पाणी जास्त घालायचो. बाटली नीट उकळली जायची नाही. दुसऱ्या महिन्यात पोरीला असे जुलाब लागले की डोळे खोल गेले. सलाईनवर चार दिवस काढले. वाचली. मला तेव्हाही मनातून काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण बोलायची हिंमत झाली नाही. आत्याबाई वाईट नव्हत्या. त्या चार दिवसांत त्यांनीही अन्नाला हात लावला नव्हता.

गंमत बघा. आमच्याकडे म्हैस व्याली की चिकाची वाट सगळं घर बघतं. खरवस करायचा, शेजारी वाटी पाठवायची. रेडकालाही चीक पाजल्याशिवाय राहत नाही आपण. पण आपल्या लेकराच्या वाट्याचा चीक मात्र मोरीत! त्यात आजाराशी लढणारी द्रव्यं असतात. बाळाची ती पहिली लसच म्हणा ना. आणि मधाचं म्हणाल तर त्यात कधी कधी एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाला ते बाधत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार होतं आणि हातपाय लुळे पडतात, श्वास अडतो. क्वचित घडतं, पण घडतं. डब्यावर बाळाचं चित्र छापायला १९९२च्या कायद्याने बंदी आली, तोवर माझी लेक शाळेत जात होती.

म्हणजे सून बरोबर होती. पण तेवढ्याने माझा राग गेला का? नाही. कारण राग मधाचा नव्हता, चार माणसांत बोट मागे घ्यावं लागलं त्याचा होता.

आमच्याच शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्यामार्फत घराघरांत पोचायचं, ही त्यांची रीत. आज आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येते, तीही गावातलीच. मला यातून एक कळतं. काय सांगितलं याइतकंच कोणी सांगितलं हेही महत्त्वाचं असतं.

आमच्या घरात ते माझ्या मुलाने ओळखलं. सून सासरी आली त्या आठवड्यात यांनी चहात बुडवलेलं बिस्कीट बाळाच्या ओठाला लावलं. सून काही बोलली नाही. मुलगा रात्री जेवण झाल्यावर आमच्याजवळ बसला आणि म्हणाला, "आई, दादा, हे तिचं एकटीचं नाही, आमचं दोघांचं ठरलंय. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणीसुद्धा नाही. गुटी नाही. नंतरही वर्षभर मीठ, साखर, चहा आणि दुकानातल्या पुड्या नाहीत. नवीन काही द्यायचं तर आधी विचारायचं."

हे म्हणाले, "एवढ्या उन्हाळ्यात पाणी नाही?" तो म्हणाला, "दादा, आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाळाला तुझं तेल-मालिश हवं. आणि बाळाच्या आईला तुझ्या हातची आळिवाची खीर हवी. ती तुझ्याशिवाय कोण करणार?"

मी सहाण उचलून ठेवली. गुटीत जायफळाचे वळसे जास्त झाले की बाळ गुंगतं आणि आपण म्हणतो, कसं शहाण्यासारखं झोपलंय!

सहाव्या महिन्यात उष्टावण झालं. मुलाचं सहाव्या-आठव्या, मुलीचं पाचव्या-सातव्या महिन्यात करायचं, ही आपली जुनी रीत. डॉक्टरही सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करा म्हणतात. जुनं सगळंच चुकीचं नव्हतं. खिरीवरून थोडी कुरबूर झाली. शेवटी साखर न घालता खजुराची खीर केली आणि मामाने ती चाटवली.

त्यानंतर सून रांजणगावला कामावर रुजू झाली. सव्वीस आठवड्यांची रजा संपली होती. आता दिवसभर बाळ माझ्याकडे. तिने काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने मी पाजायची, मऊ वरणभात, नाचणीचं सत्त्व मी भरवायची. घरात बघायला कोणी नाही. मनात आणलं असतं तर काहीही दिलं असतं. पण ज्या घरात मला विचारून, समजावून नियम ठरला, तो मोडायला हात धजत नव्हता. उलट शेजारच्या काकू बिस्कीट घेऊन आल्या की मीच म्हणायची, "नको बाई, आमच्याकडे चालत नाही."

सुनांनो, जे सांगायचं ते आधी सांगा, चार माणसांत नको. मुलांनो, आपल्या आईबापाशी आपणच बोला, बायकोला पुढे करू नका. आणि माझ्या वयाच्या बायांनो, बाळाच्या तोंडात काय जायचं हे त्याच्या आईबापाला ठरवू द्या. त्यात आपला अपमान नाही. जे मला १९८४ साली बोलता आलं नाही, ते माझ्या सुनेने बोलून दाखवलं, एवढंच.

नातवाचा पहिला वाढदिवस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने फडताळातून मधाची ती बाटली काढली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "आई, आता तुम्हीच लावा."