लिफ्टच्या खोलीतला तापलेला डबा

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी वाङ्मय घेऊन. आज मी विजेच्या मोटारीवर बोलणार आहे म्हटल्यावर घरात सगळेच हसले. पण ही गोष्ट मी चूक करून शिकलो आहे, म्हणून सांगतो.

आमची इमारत अमरावतीत, पाच मजल्यांची. लिफ्ट सहा माणसांची. सोसायटीचं सचिवपद त्या वर्षी माझ्या गळ्यात पडलं होतं. पावसाळा सरला आणि लिफ्टनं एक विचित्र चाळा सुरू केला. तिघं-चौघं मिळून गेले तर ती निमूट चालायची. एकटं माणूस वर निघालं की मध्येच थांबायची. चौकीदार म्हणाला, "हिले एकटं माणूस आवडत नाही साहेब."

एका संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या आजी एकट्याच वर निघाल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली. पाऊण तासानं त्यांना बाहेर काढलं, तेव्हा त्या घामानं भिजल्या होत्या. म्हणाल्या, "मले वाटलं, माती आता इथंच होते बाप्पा." त्या दिवसापासून त्यांनी खाली येणं सोडलं. गुडघ्यांमुळे जिना जमत नव्हता आणि लिफ्टवर विश्वास राहिला नव्हता. रोज संध्याकाळी फाटकाजवळच्या बाकावर बसणारी बाई घरात कोंडली गेली.

मेकॅनिक दोनदा आला, बटण दाबून लिफ्ट चालू करून गेला. शेवटी मी अकोल्याच्या भाच्याला फोन केला. तो तिथल्या एमआयडीसीत मोटारींचे ड्राइव्ह दुरुस्त करतो. त्यानं एवढंच विचारलं, "मामू, वर जाताना थांबते की खाली येताना? आणि आत माणसं किती असतात?" मी सांगितलं, तसा तो म्हणाला, "उद्या येतो. लिफ्टच्या खोलीची किल्ली तयार ठेवा."

आता त्यानं मला जे समजावलं, ते सांगतो. लिफ्टच्या दोराच्या एका टोकाला पाळणा असतो आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन. हे वजन पाळण्यापेक्षा जड ठेवतात, साधारण पाळण्याच्या क्षमतेच्या निम्म्यानं जड. सहा माणसांची लिफ्ट म्हणजे ४०८ किलोची. म्हणजे ते लोखंड रिकाम्या पाळण्यापेक्षा जवळपास २०० किलोनं जड झालं. आत पन्नास किलोच्या आजी एकट्या असल्या, तर लोखंड दीडशे किलोनं भारी पडतं. मग मोटारीला पाळणा ओढावा लागत नाही, पाळणा आपोआप वर पळू पाहतो. मोटारीचं काम उरतं त्याला आवरण्याचं. भरलेली लिफ्ट खाली येतानाही हेच होतं.

तुम्ही विहिरीचं पाणी शेंदलं असेल, तर हे तुम्हाला लगेच कळेल. भरलेली बादली हातातून निसटून खाली जायला लागली आणि आपण दोर धरला, की तळहात पोळतो. बादलीचा जोर कुठं तरी जायला हवा, तो तळहातात उष्णता होऊन येतो. मोटार आवरायला लागली की तिचं जनित्र होतं आणि ती वीज तयार करते. पाळणा सेकंदाला एक मीटर चालत असेल, तर दीडशे किलोचा जोर सुमारे दीड किलोवॉट भरतो. त्यातला काही भाग घर्षणात जातो. तरी पाणी तापवायच्या इमर्शन रॉडला पुरेल इतकी वीज उरते.

ही वीज जाणार कुठं? ड्राइव्ह आपल्या ४१५ व्होल्टच्या तीन-फेज विजेची आधी डीसी करतो. ती ५८५ व्होल्टच्या आसपास भरते. साध्या ड्राइव्हमध्ये वीज आत यायला वाट असते, परत तारेत जायला नसते. त्यामुळे मोटारीकडून उलट आलेली वीज आतच साठते आणि व्होल्टेज चढत जातं. ते सातशे-आठशेच्या दरम्यान ठरलेल्या आकड्याला पोचलं, की ड्राइव्ह एक वाट उघडतो आणि ती वीज तारेच्या वेटोळ्यांच्या एका डब्यात सोडतो. डबा तापतो, उष्णता हवेत जाते. याला ब्रेकिंग रेझिस्टर म्हणतात. विहिरीवर जे काम तळहात करतो, तेच इथं हा डबा करतो.

ही वाट बंद पडली, तर व्होल्टेज चढतच राहतं आणि ड्राइव्ह जळू नये म्हणून स्वतःला बंद करतो. त्याच क्षणी स्प्रिंगचा ब्रेक मोटारीला घट्ट धरतो. पाळणा कोसळत नाही, पण असेल तिथं अडकतो. आमच्या आजींचं हेच झालं.

भाच्यानं खोलीचं दार उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या डब्यावर फ्लेक्सचा बॅनर अंथरलेला होता, कडा वितळून डब्याला चिकटलेल्या. बॅनर आमच्याच एका कविसंमेलनाचा होता. पावसात खोलीचा स्लॅब गळत होता, म्हणून तो मीच टाकायला लावला होता. डब्याला हवा मिळाली नाही, आतली तार तापून तुटली. बॅनरवर माझं नाव होतं, ते अर्धं जळालं होतं.

मी म्हटलं, "बाजारातून दुसरा डबा आणू." तो म्हणाला, "कोणताही चालत नाही मामू." ओहम कमी असले तर करंट जास्त जाऊन ड्राइव्हमधला स्विच जळतो. ओहम जास्त असले तर वीज पुरेशी खर्च होत नाही आणि लिफ्ट पुन्हा थांबते. ड्राइव्हच्या पुस्तकात किमान ओहम दिलेले असतात. किती वॉटचा घ्यायचा, हे लिफ्ट दिवसातून किती फेऱ्या मारते त्यावर ठरतं. त्यानं तसा डबा बसवला आणि जोडीला उष्णतेचा स्विच. डबा प्रमाणाबाहेर तापला, तर हा स्विच आधीच सूचना देतो.

मी विचारलं, एवढी वीज तापवून फुकट का घालवायची? त्यानं रेल्वेचं उदाहरण दिलं. आपली अमरावती एक्सप्रेस मुंबईला जाताना इगतपुरीहून कसाऱ्याला घाट उतरते. तिथं ३७ फुटांना एक फूट उतार आहे. आजची तीन-फेज विद्युत इंजिनं असा उतार उतरताना वीज वरच्या तारेत परत देतात. डिझेल इंजिनाला वरची तार नसते, म्हणून ते हीच वीज आपल्याजवळच्या रेझिस्टरमध्ये जाळतं. वीज परत पाठवणारे ड्राइव्ह आता लिफ्टसाठीही मिळतात, पण महाग पडतात. दिवसभर धावणाऱ्या लिफ्टला ते परवडतात. आमच्यासारख्या लहान इमारतीला डबाच बरा.

श्रोतेहो, आपल्या इमारतीत लिफ्ट असेल, तर तिच्या खोलीत रद्दी, लाकूड, जुने बॅनर ठेवू देऊ नका. तो डबा हाताला चटका देण्याइतका तापतो, आणि तापणं हेच त्याचं काम आहे. लिफ्ट थांबली, तर किती माणसं होती आणि ती कुठल्या दिशेनं जात होती, हे लिहून ठेवा. डबा उघडायचं काम मात्र जाणकारालाच करू द्या. वीज बंद केल्यावरही ड्राइव्हमध्ये काही मिनिटं ती शिल्लक असते.

दुरुस्तीनंतर मी चौथ्या मजल्यावर गेलो आणि चूक माझी होती हे आजींना सांगितलं. त्यांनी मला दोन शब्द सुनावले, मग चहा दिला. आठ दिवस मी त्यांच्यासोबत लिफ्टमधून वर-खाली करत होतो. नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, "तू राहू दे आता, मी जातो एकटी." मी खाली फाटकाजवळ उभा राहिलो. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत न थांबता गेली.