शाळकरी मुलांचें परदेशगमन

दहावीची परीक्षा संपली कीं शहरांतल्या सुशिक्षित घरांतून हल्लीं एक नवा प्रश्न उभा राहतो. पूर्वीं सुटी म्हणजे आजोळ, आंबे आणि फार तर पोहण्याचा तलाव. आतां आंबे आहेत, परंतु त्यांच्या जोडीला रंगीत माहितीपत्रकेंहि आहेत. दोन आठवडे ऑक्सफर्डमध्यें, तीन आठवडे बोस्टनमध्यें, एक वर्ष अमेरिकन कुटुंबांत, असे मथळे त्यांवर असतात, आणि ते वाचून आईबाप एकमेकांकडे पाहूं लागतात. मुलाला पाठवावें कीं पाठवूं नये? न पाठविल्यानें तें मागें तर पडणार नाहीं ना? आणि पाठविलें तर इतका पैसा सार्थकीं लागेल काय? नववी ते बारावीच्या वयांतील मुलांना कांहीं आठवडे किंवा वर्षभर परदेशीं शिकावयास पाठविण्याचा हा जो प्रश्न, त्याविषयीं आज आपल्याशीं चार शब्द बोलावयाचे आहेत. मी साधा शाळामास्तर. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं. परंतु मुलें आणि त्यांचे अर्ज मीं पुष्कळ पाहिले आहेत, आणि तेवढ्याच भांडवलावर हें बोलणें आहे.

शिक्षणासाठीं घर सोडणें ही गोष्ट आपल्याकडे नवी नाहीं. मुंज झालेला बटु गुरुगृहीं जाई. पुढच्या काळांत कोंकणांतून आणि देशावरून गरीब मुलें पुण्यास येत, माधुकरी मागत किंवा सात घरीं वार लावून जेवत, आणि शिकत. सोमवारीं एका घरची रीत, मंगळवारीं दुसऱ्या घरची. एके ठिकाणीं माया, तर दुसऱ्या ठिकाणीं कपाळाला आंठी. या सर्वांशीं जुळवून घेऊन त्या मुलाला आपला अभ्यास करावा लागे. पुस्तकांत नसलेलें पुष्कळसें शिक्षण त्याला त्या पाटावर मिळे. परक्या ठिकाणीं राहून शिकण्यांत जें खरें सार आहे, तें हेंच.

परदेशीं शाळेंत शिकलेल्या आपल्याकडील मुलाचें एक ठळक उदाहरण म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी यांचें. त्यांचा जन्म १९०७ सालीं गोव्यांत झाला. वडील धर्मानंद हे 'विसुद्धिमग्ग' या पालि ग्रंथाच्या कामासाठीं हार्वर्ड विद्यापीठांत गेले, तेव्हां १९१८ सालीं हा मुलगाहि त्यांच्याबरोबर अमेरिकेस गेला. केंब्रिज गांवच्या शाळांत त्याचें शिक्षण झालें आणि १९२९ सालीं त्यानें हार्वर्डची पदवी घेतली. पुढें गणित, नाणकशास्त्र आणि प्राचीन भारताचा इतिहास या तिन्ही क्षेत्रांत त्यांनीं जें काम केलें तें सर्वश्रुत आहे. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट एवढीच कीं, तो मुलगा तेथें पाहुणा म्हणून गेला नव्हता. तो तेथल्या मुलांच्या बांकावर बसला, त्यांच्या परीक्षांना बसला, आणि हें कित्येक वर्षें चाललें. परदेशाच्या हवेनें कोणी विद्वान होत नाहीं. तेथें काय केलें आणि किती काळ केलें, यावर सर्व अवलंबून असतें.

आज जे मार्ग आपल्यापुढें आहेत, ते सगळे परदेशशिक्षण या एकाच नांवाखालीं विकले जातात. परंतु त्यांच्या जाती निरनिराळ्या आहेत.

पहिली जात फी भरून जावयाच्या उन्हाळी वर्गांची. नामांकित विद्यापीठांचीं वसतिगृहें आणि वर्ग सुटींत रिकामे पडतात. ते भाड्यानें घेऊन खासगी संस्था तेथें दोनतीन आठवड्यांचे अभ्यासवर्ग चालवितात. कांहीं वर्ग खुद्द विद्यापीठेंहि चालवितात. दोहोंमधला हा भेद माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलेला नसतो. फी बहुधा कित्येक हजार डॉलर किंवा पौंड असते. विमानाचें भाडें, व्हिसा आणि विमा यांचा खर्च त्याहून वेगळा. अशा वर्गांत कांहींच शिकावयास मिळत नाहीं, असें मी म्हणत नाहीं. ज्या घरची सांपत्तिक स्थिति चांगली आहे, त्या घरचें मूल तेथें जाऊन चार नवीं माणसें आणि चार नवीं पुस्तकें पाहून आलें तर आनंदच आहे. परंतु तेथें मिळणारा दाखला म्हणजे त्या विद्यापीठांतला प्रवेश नव्हे. तीर्थाच्या गांवीं धर्मशाळेंत उतरलें म्हणजे देवदर्शन झालें, असें कोणी समजत नाहीं. तसेंच हें आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील एकदां असेंच एक पत्र घेऊन माझ्याकडे आले. मुलीची निवड झाली आहे, आठ दिवसांत अनामत रक्कम भरावी, असा त्यांत मजकूर होता. मुदतठेव मोडण्याची त्यांच्या मनाची तयारी झाली होती. मीं मुलीला विचारलें, "अर्जांत तुला काय काय विचारलें होतें?" ती म्हणाली, "सर, नांव, इयत्ता, बाबांचा व्यवसाय आणि त्यांचा मोबाइल नंबर." एवढें बोलून ती थबकली, आणि म्हणाली, "मग त्यांनीं मला निवडलें तें कशावरून?" वडिलांनीं हाच प्रश्न त्या संस्थेला लिहून विचारला. उत्तर आलें नाहीं. पैसे भरण्याची आठवण मात्र दोनदां आली. ठेव मोडली गेली नाहीं. या सगळ्या विषयाची किल्लीच त्या पंधरा वर्षांच्या मुलीनें माझ्या हातांत दिली, असें मला वाटतें. श्रोतेहो, माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि अर्ज वाचा. अर्ज मुलाविषयीं विचारीत असेल, तर त्यांना मूल हवें आहे. अर्ज बापाविषयींच विचारीत असेल, तर त्यांना काय हवें आहे हें सांगावयास नको.

आतां दुसऱ्या जातीचे अर्ज पाहा. अमेरिकेंत आर्नल्ड रॉस या गणितज्ञांनीं १९५७ सालीं शाळकरी मुलांसाठीं गणिताचा उन्हाळी वर्ग सुरू केला. तो वर्ग आजहि त्यांच्या नांवानें चालतो. त्याच परंपरेंतला 'प्रॉमिस' नांवाचा वर्ग बोस्टन विद्यापीठांत १९८९ पासून भरतो. त्यांच्या अर्जांत गणिताचीं उदाहरणें घातलेलीं असतात. तीं सोडवावयास आठवडेच्या आठवडे लागतात, आणि नुसत्या उत्तरापेक्षां मुलानें विचार कसा केला, हें तेथें पाहिलें जातें. फी आहे, परंतु निवड झालेल्या गरजू मुलाला मदत मिळण्याची सोयहि आहे. 'रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट' हा १९८४ सालीं सुरू झालेला आणि आतां एम.आय.टी. येथें भरणारा वर्ग तर शिकवणीची फी घेतच नाहीं. अर्थात् तेथली चुरसहि तशीच कडक आहे. अशा अर्जांचा एक मोठा गुण असा कीं, निवड न झाली तरी कांहीं वायां जात नाहीं. त्या उदाहरणांशीं महिनाभर झुंजलेलें मूल घरीं बसूनच पुष्कळ पुढें गेलेलें असतें.

कांहीं देशांचीं सरकारेंहि निवडक मुलांना बोलावितात. जपाननें २०१४ सालीं 'साकुरा सायन्स' ही योजना काढली. तींतून आपल्या देशांतील शाळकरी मुलेंहि थोड्या दिवसांसाठीं जपानांत जाऊन तेथल्या प्रयोगशाळा पाहून आलीं आहेत. जर्मनीनें २००८ सालीं जगभरच्या शाळांशीं नातें जोडण्यासाठीं 'पाश' नांवाची योजना सुरू केली. तींतील भागीदार शाळांच्या निवडक मुलांना जर्मनींतल्या भाषावर्गांसाठीं शिष्यवृत्त्या मिळतात. अर्थात् आधीं जर्मन भाषेचा अभ्यास हवा. येथेंहि पुन्हां तेंच. मुलानें आधीं कांहीं केलेलें असावें लागतें, मग दार उघडतें.

तिसरी जात परक्या कुटुंबांत राहून तेथल्या शाळेंत जाण्याची. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या रणांगणावर जखमी सैनिकांची ने-आण करणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांचें एक पथक होतें. त्याचें नांव ए.एफ.एस. दुसरें महायुद्ध संपल्यावर, १९४७ सालीं, याच मंडळींनीं निरनिराळ्या देशांतील शाळकरी मुलांची देवघेव सुरू केली. रणांगणावरून जखमी उचलणाऱ्या हातांनीं पुढें मुलांचे हात एकमेकांच्या हातांत दिले, ही हकीकत मला मोठी अर्थपूर्ण वाटते. रोटरी क्लबांचीहि अशी एक योजना आहे. अमेरिकेचा नियम असा कीं, शालेय देवघेवीच्या व्हिसावर येणारा विद्यार्थी १५ वर्षांहून लहान किंवा साडेअठरा वर्षांहून मोठा नसावा, आणि त्याला ठेवून घेणाऱ्या कुटुंबास त्याबद्दल मोबदला देतां येत नाहीं. आमच्या वार लावण्याशीं याचें किती साम्य आहे, पाहा! या अर्जांतहि मुलाला आपल्या भावी यजमानांस पत्र लिहावें लागतें. घरांत तूं कोणतीं कामें करतोस, काय खातोस, कशाला भितोस, हें त्यांत यावें लागतें. ज्याला स्वतःचें ताट धुण्याची संवय नाहीं, त्याची लेखणी तेथें अडते.

चौथी जात दोन वर्षें राहून शिकण्याची. कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञांच्या कल्पनेंतून १९६२ सालीं वेल्समधील सेंट डोनॅट्स या किल्ल्यांत अटलांटिक कॉलेज निघालें. त्याच कुळांतील एक महाविद्यालय १९९७ पासून आपल्या मुळशी तालुक्यांत, पौडच्या परिसरांत, एका टेकडीवर चालू आहे. नाना देशांचीं मुलें तेथें एकत्र राहतात आणि शिकतात. निवड त्या त्या देशाची समिति करते, आणि कुटुंबाची ऐपत पाहून शिष्यवृत्तीची सोय होते. तेव्हां पुण्याच्या मुलाला परदेश भेटावयाचा तर दर वेळीं विमानांतच बसावें लागतें, असें नाहीं.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली गोष्ट पंचांगाची. आपली मोठी सुटी मे महिन्यांत, तर युरोप-अमेरिकेची जूनपासून ऑगस्टपर्यंत. तिकडचा उन्हाळा तो आपला पावसाळा, म्हणजे ऐन अभ्यासाचा काळ. दहावीच्या परीक्षेनंतर थोडी मोकळीक सांपडते. परंतु अकरावीच्या प्रवेशाची धांवपळहि त्याच सुमारास असते, आणि ती सांभाळावयास घरीं कोणी तरी जागरूक माणूस हवें. दुसरी गोष्ट वर्षाची. देवघेवीवर काढलेलें वर्ष आपल्या अकरावी-बारावीच्या हिशेबांत आपोआप धरलें जात नाहीं. एक वर्ष मागें राहण्याची मनाची तयारी ठेवावी, आणि पुढील प्रवेशाविषयीं शाळेच्या प्रमुखांकडून निघण्यापूर्वींच लेखी खुलासा घ्यावा.

तिसरी गोष्ट पैशाची. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणें दर माणशीं एका आर्थिक वर्षांत २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशीं पाठवितां येते, आणि अल्पवयीन मुलेंहि त्यांत धरलीं जातात. कायदा इतका उदार झाला आहे. आपली मिळकत तितकी उदार आहे काय, हें ज्याचें त्यानें पाहावें. धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठीं ठेवलेला पैसा थोरल्या भावाच्या पंधरा दिवसांच्या दाखल्यावर खर्च होऊं नये, एवढें मात्र मी आग्रहानें सांगेन. चौथी गोष्ट जबाबदारीची. रात्रीं मुलाला ताप चढला तर त्यानें कोणाचें दार ठोठावावयाचें, त्या माणसाचें नांव निघण्यापूर्वीं आपल्या हातांत असावें. आणि तें असलें म्हणजे मग आपणहि धीर धरावा. रोज दोनदां मोबाइलवर आईचा चेहरा पाहणारें मूल देहानें परदेशीं आणि मनानें घरच्या स्वयंपाकघरांत राहतें. मग तें पाठविलें काय आणि न पाठविलें काय!

ज्यांना हें कांहींच शक्य नाहीं, त्यांनीं खंत करूं नये. मुंबईस मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. गणित आणि विज्ञान यांच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड स्पर्धांसाठीं भारताचे संघ निवडण्याचें आणि त्यांना तयार करण्याचें काम तें करतें. गणिताची ही स्पर्धा १९५९ सालीं रुमानियांत सुरू झाली, भारत तींत १९८९ पासून उतरूं लागला, आणि १९९६ सालीं ती खुद्द मुंबईंत भरली. शाळकरी वयांत देशाचें प्रतिनिधित्व करीत परदेशीं जाण्याचा याहून मानाचा मार्ग मला ठाऊक नाहीं, आणि तो बापाच्या खिशांतून जात नाहीं. आणि तेंहि नसेल, तर सुटीचा एक महिना आपल्याच देशांत, परभाषी प्रांतांतील एखाद्या परिचिताच्या घरीं मुलाला राहूं द्यावें. देशाटनाचें माहात्म्य सांगणारी आर्या आपण सर्वांनीं लहानपणीं पाठ केलेली आहे. तींत समुद्र ओलांडण्याची अट नाहीं.

शेवटीं एकच विनंति. कोणत्याहि मार्गानें जावयाचें असो, अर्ज मुलाला स्वतः लिहूं द्या. पैसे घेऊन सुबक निबंध लिहून देणारीं माणसें शहरोशहरीं आहेत. त्यांच्या वाटेस जाऊं नका. मूल चार वेळां खोडील, पांचव्या वेळीं लिहील, आणि आपण कोण, आपणांस काय येतें आणि तेथें जाऊन काय करावयाचें आहे, हें त्याला कदाचित् प्रथमच स्पष्ट दिसेल. तें दिसलें तर त्याला खुशाल पाठवा. न दिसलें तर एक वर्ष थांबा. परदेश कोठें पळून जात नाहीं.