पित्ताचे खडे आणि माझी एक चुकीची एंट्री

(रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक' या विषयावर बोला असं सांगितलं होतं. मीच विषय बदलून मागितला. बँकेत चौतीस वर्षं काढली. तिथे चुकीची एंट्री पडली तर ती खोडायची नसते, त्याच खात्यात उलट एंट्री करून दुरुस्त करायची असते. माझी अशी एक एंट्री या सोसायटीच्या खात्यात पडली आहे. ती आज दुरुस्त करतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण माणिकपूरला राहायला आलो तेव्हा इथे नवघर-माणिकपूर नगर परिषद होती. पाण्याचा टँकर कोणाचा, प्लंबर कोणता, रात्री दार उघडणारा डॉक्टर कोण, सगळं आपण एकमेकांना विचारून ठरवलं. शेजाऱ्याचा शब्द आपल्याकडे चालतो. म्हणून तो जपून द्यायला हवा.

चार वर्षांपूर्वी एका लग्नात मी दाबून जेवलो आणि रात्री एक वाजता उजव्या बरगडीखाली कळ सुरू झाली. ती पाठीपर्यंत गेली. पित्त झालं असेल म्हणून थंड दूध घेतलं, सकाळी कोकम सरबत घेतलं. आपल्या भाषेची इथे जरा गंमत होते. आंबट ढेकर आले की आपण 'पित्त' म्हणतो, ते पोटातलं आम्ल. खरं पित्तरस यकृतात तयार होतो आणि यकृताखालच्या छोट्या पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, साठतो. खडे होतात ते तिथे. मुतखड्याचाही याच्याशी संबंध नाही. मुतखडा भरपूर पाणी पिऊन लघवीवाटे पडू शकतो, पित्ताच्या खड्याला ती वाट नाही.

फॅमिली डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, कारण या वयात अशी कळ हृदयाचीही असू शकते. मग सोनोग्राफी. खडे बरेच, सर्वांत मोठा १२ मिलिमीटरचा. सर्जन म्हणाले, "दुखायला लागलंय, पित्ताशय काढून टाकलेलं बरं." मी म्हटलं, "बघू, दिवाळीनंतर." हे वाक्य मी थकबाकीदारांच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं, स्वतः बोलताना मात्र ओळखलं नाही.

त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर नैसर्गिक उपाय आला. पाच दिवस सफरचंदाचा रस, सहाव्या रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस. केलं. सकाळी शौचातून हिरवे मऊ गोळे पडले. मोजले, सदतीस! बरणीत भरून मी खालच्या कट्ट्यावर आणले, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. कुणी नाक दाबलं, कुणी फोटो काढला. डी विंगमधल्या वहिनींना खड्यांचाच त्रास होता आणि त्यांची ऑपरेशनची तारीख ठरली होती. मी म्हटलं, "वहिनी, कशाला पोट फाडून घेता? हे करा." त्यांनी तारीख रद्द केली.

बँकेत मी ताळमेळ जुळवल्याशिवाय दिवस बंद केला नाही. इथे मात्र पुन्हा सोनोग्राफी करून पाहिली नाही. का? गोळे दिसत होते ना! मे महिन्यात बरणीतले गोळे वितळले आणि हिरवट तेलकट चिखल झाला, तरी मी मनाला विचारलं नाही की दगड कधी उन्हाळ्याने वितळतो का.

जूनमध्ये वहिनींचे डोळे पिवळे झाले. ताप, थंडी. खडा पित्ताच्या नळीत अडकला होता. तोंडातून दुर्बीण घालून तो काढावा लागला, मग पित्ताशयाचं ऑपरेशन. चार दिवस त्या आयसीयूमध्ये होत्या. त्यांच्या मुलाने मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण लिफ्टमध्ये त्याच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

मग मी सोनोग्राफी केली. सगळे खडे जागेवर, मोठा तसाच १२ मिलिमीटरचा. सर्जनांनी शांतपणे समजावलं. तेल आणि रस यांच्यापासून आतड्यातच साबणासारखे गोळे तयार होतात. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा गोळ्यांची तपासणी छापून आली होती. त्यात कोलेस्टेरॉल नव्हतं, कॅल्शियमही नव्हतं, मुख्यतः चरबीतली आम्लं होती. काही छोटे कोलेस्टेरॉलचे खडे गोळ्यांनी विरघळतात, पण महिनोन् महिने लागतात आणि पुष्कळांना पुन्हा होतात, कारण पिशवी तीच राहते.

माझं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, पोटाला चार छोटी छिद्रं. भारतात हे ऑपरेशन पहिल्यांदा १९९० मध्ये आपल्या मुंबईतल्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्तन उदवाडिया यांनी केलं. गरज पडली तर पोट उघडावं लागेल, ही कल्पना मला आधीच दिली होती. मधुमेह आणि रक्त पातळ करायची गोळी, दोन्ही मी आधीच सांगितलं. तुम्हीही काही लपवू नका. मेडिक्लेमची पॉलिसीही आधी वाचा, खड्यांसाठी प्रतीक्षाकाळ असतो.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. पोटापेक्षा खांदा जास्त दुखला. तो पोटात भरलेल्या वायूमुळे, दोन-तीन दिवसांत गेला. पहिल्या दिवसापासून थोडं चाललो. मऊ भात, मुगाचं वरण, थोडं थोडं पण चार-पाच वेळा. तळलेलं काही आठवडे बंद. जड पिशवी महिनाभर उचलली नाही. सुरुवातीला पोट सैल राहिलं, मग ठीक झालं. पित्ताशय गेलं तरी यकृत पित्त करतच राहतं, ते सरळ आतड्यात उतरतं. दीड महिन्यानंतर वसईच्या सुकेळीपासून सुरमईपर्यंत सगळं खातोय.

आता उलटी चूक करू नका. तपासणीत सहज सापडलेले आणि कधीच न दुखलेले खडे असतील, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. डॉक्टरांना विचारून लक्ष ठेवायचं. मात्र कळ येऊन गेली असेल तर टाळू नका, आणि ताप, कावीळ किंवा न थांबणारी कळ असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आहार सांभाळणं चांगलंच, पण झटपट वजन उतरवणारे उपास करू नका. त्यानेही खडे होतात.

हे भाषण करण्यापूर्वी मी वहिनींची परवानगी घेतली आणि माफीही मागितली. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला ऑपरेशन नकोच होतं. तुम्ही फक्त कारण दिलंत." हे वाक्य मी विसरलो नाही. घाबरलेल्या माणसाला उपाय नको असतो, कारण हवं असतं, आणि आपण शेजारी ते प्रेमाने पुरवतो.

तेव्हा यापुढे कट्ट्यावर कुणी बरणी घेऊन आलं, तर एवढंच विचारा, "पुन्हा सोनोग्राफी केलीत का?" मलासुद्धा विचारा.