ट्रक त्याचा, नाव दुसऱ्याचं



मी सैन्याच्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये अधिकारी होतो. जवानांपर्यंत रसद पोचवणं हे आमचं काम. धान्य, डाळ, तेल, भाजी, इंधन. हे सगळं सैन्याच्याच गाड्यांतून जातं असं बऱ्याच लोकांना वाटतं. तसं नाही. पुष्कळ माल भाड्याच्या खासगी ट्रकमधून जातो. त्यासाठी निविदा निघते, ठेका दिला जातो. अशा निविदांच्या अटी मी स्वतः लिहिल्या आहेत. आज मी त्या अटींबद्दल बोलणार आहे, कारण एक अट मी चुकीची लिहिली होती.

2013 सालची गोष्ट. मध्य भारतातल्या एका छावणीत आमच्या तीन अधिकाऱ्यांच्या मंडळासमोर निविदांची छाननी चालू होती. एक अर्ज तीन ट्रकच्या मालकाचा होता. अनुसूचित जातीचा माणूस. गाड्यांची नोंदणी, विमा, फिटनेस, परमिट, सगळे कागद जागेवर. पण आमची अट होती : स्वतःच्या दहा गाड्या हव्यात, गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल एक कोटी हवी, आणि सरकारी वाहतुकीचा तीन वर्षांचा अनुभव हवा. पाच मिनिटांत अर्ज बाद झाला.

दुसऱ्या दिवशी तो भेटायला आला. भांडला नाही, रडला नाही. त्याने एक जाड पाकीट टेबलावर ठेवलं. त्यात आमच्याच डेपोचे गेटपास होते, चार वर्षांचे. त्यांवर त्याच्या ट्रकचे नंबर होते. म्हणजे आमचा माल चार वर्षं त्याच्याच गाड्या वाहत होत्या. ठेका मात्र दुसऱ्याच्या नावावर होता. तो मोठा ठेकेदार आमच्याकडून दर घ्यायचा, त्यातला काही भाग याला द्यायचा आणि वर्षाच्या शेवटी अनुभवाचा दाखला आमच्याकडून स्वतःच्या नावाने घेऊन जायचा. याच्या हातात गेटपासशिवाय काही नव्हतं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियमाने सगळं बरोबर होतं. त्या वर्षी त्याला ठेका मिळाला नाही, आणि पुढे माझी बदली झाली. पण जाण्यापूर्वी मी गाड्यांच्या मागणीचं रजिस्टर काढून पाहिलं. वर्षभरात दहा गाड्या एकाच दिवशी लागल्या असे दिवस अगदी मोजके होते. एरवी रोज तीन किंवा चार. मग दहाची अट आली कुठून? आदल्या वर्षीच्या फाइलमधून. तिथे ती त्याच्या आदल्या वर्षीच्या फाइलमधून आली होती. मी फक्त तारीख बदलली होती.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. केंद्र सरकारने 2012 मध्ये सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून खरेदी करण्याचं धोरण आदेश म्हणून काढलं. ते केंद्राच्या सगळ्या मंत्रालयांना, खात्यांना आणि सार्वजनिक कंपन्यांना लागू आहे. आधी वार्षिक खरेदीच्या 20 टक्के खरेदी या उद्योगांकडून करायची होती. 2018 च्या दुरुस्तीने ते प्रमाण 25 टक्के झालं. त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि 3 टक्के महिलांसाठी. निविदेचा फॉर्म मोफत, बयाणा रक्कम माफ. त्यात वस्तू आहेत तशा सेवाही आहेत, आणि वाहतूक ही सेवा आहे. म्हणजे त्या पाकीटवाल्या माणसाचा हक्क कागदावर होता. आदेश निघून वर्ष झालं होतं आणि तो आमच्या कपाटातही होता.

मग हक्क अडतो कुठे? मला चार जागा दिसतात.

पहिली जागा त्या 4 टक्क्यांतच आहे. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योजक निविदेत आले नाहीत किंवा अटीत बसले नाहीत, तर तो वाटा इतर छोट्या उद्योगांकडून भरून काढायची मुभा आदेशातच आहे. आता अटीत बसणं किंवा न बसणं ठरवणार कोण? अट लिहिणारा. त्याने दहा गाड्या लिहिल्या की तीन गाड्यांवाला आपोआप बाहेर, आणि नियमही मोडला नाही.

दुसरी जागा म्हणजे ‘लघु’ या शब्दाची व्याख्या. 1 एप्रिल 2025 पासून 100 कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योगही लघु धरला जातो. सूक्ष्मची मर्यादा 10 कोटी आहे. तीन ट्रकचा मालक आणि ऐंशी कोटींचा वाहतूकदार एकाच आरक्षणाच्या रांगेत उभे आहेत. या रांगेत पुढे कोण जाणार हे सांगायला नको.

तिसरी जागा अनुभवाची आणि उलाढालीची अट. ही अट छोट्या उद्योगांसाठी शिथिल करता येते. आज जेम पोर्टलवर निविदा भरताना अधिकाऱ्यासमोर तसा प्रश्नच येतो : छोट्या उद्योगांना अनुभव आणि उलाढालीत सूट द्यायची का? होय किंवा नाही. पण लक्षात घ्या, सूट ‘देता येते’, ‘द्यावीच’ असं नाही. घाईत असलेला अधिकारी ‘नाही’ करतो. त्यात त्याचा काही तोटा नसतो.

चौथी जागा पैशाची. साधा हिशेब करू. एक ट्रक महिन्याला पाच हजार किलोमीटर चालला आणि लिटरला चार किलोमीटर दिले, तर 1250 लिटर डिझेल लागतं. लिटरला 90 रुपये धरले तरी 1,12,500 रुपये. तीन ट्रकचे महिन्याला 3,37,500. पंपवाला उधारी किती दिवस देईल? बिल चार महिने लटकलं की फक्त डिझेलचे साडेतेरा लाख अडकतात. ड्रायव्हरचा पगार, टायर आणि बँकेचा हप्ता वेगळा. मोठा ठेकेदार हे सोसतो. छोटा माणूस ठेका जिंकूनही गाडी विकतो, आणि पुढच्या वेळी त्याच मोठ्या ठेकेदाराच्या नावाखाली चालवायला तयार होतो.

यावर 2006 चा कायदा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, करारात काहीही लिहिलेलं असो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते. कायदा कडक आहे. पण ज्याच्या हातात पुढच्या वर्षीचा ठेका आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला छोटा माणूस धजत नाही. ही भीती मी टेबलाच्या पलीकडून पाहिली आहे.

तुम्ही म्हणाल, रसद वेळेवर पोचली नाही तर? खरं आहे. चौकीवरचा जवान उपाशी राहून चालणार नाही. म्हणूनच अट कशासाठी आहे ते आधी विचारायचं. गाडी धडधाकट आहे का, ड्रायव्हरकडे परवाना आहे का, बिघाड झाला तर दुसरी गाडी किती तासांत येईल, हे विचारणं रास्त आहे. मालकाकडे एक कोटी आहेत का, याने गाडी वेळेवर येत नाही. आणि एका मोठ्या ठेक्याचे मार्गाप्रमाणे तीन-चार लहान भाग केले, तर एकाने हात वर केले तरी बाकीचे चालू राहतात. सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची नाहीत हे आम्ही लढाईच्या नियोजनात शिकतो. ठेका देताना विसरतो.

हे ऐकणाऱ्यांत कुणी निविदा काढणारे असतील तर त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. जुनी फाइल उघडण्याआधी मागणीचं रजिस्टर उघडा. किती गाड्या खरंच लागतात ते मोजा, मगच आकडा लिहा. आणि गेटवर रोज कोणाच्या गाड्या येतात तेही बघा.

आणि जे ट्रकमालक ऐकत आहेत, मग ते नागपूरचे असोत, इंदूरचे, बेळगावचे किंवा हैदराबादचे, त्यांना चार गोष्टी. उद्यम नोंदणी काम घेण्याआधी करा. ती मोफत आहे, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. नोंदणीत आणि जेमवर आपला प्रवर्ग नीट भरा. भागीदारी किंवा कंपनी असेल तर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांचा वाटा किमान 51 टक्के लागतो. दुसऱ्याच्या नावाखाली गाडी लावावी लागली तर प्रत्येक फेरीची बिल्टी, गेटपास, बँकेतली जमा जपून ठेवा आणि केलेल्या कामाचं पत्र त्या ठेकेदाराकडून दरवर्षी लेखी मागा. आणि निविदेपूर्वीच्या बैठकीला जा. अटीत सूट का नाही, ठेक्याचे भाग का नाहीत, हे तिथे लेखी विचारा. निविदा उघडल्यावर कुणी काही बदलू शकत नाही. आधी विचारलं तर अधिकाऱ्याला फाइलवर उत्तर लिहावं लागतं.

मला त्या वर्षी कुणी आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी दहाच्या जागी तीन लिहिलं असतं का? मला वाटतं लिहिलं असतं, कारण दहाच्या बाजूने लिहिण्यासारखं माझ्याकडे एकही कारण नव्हतं.

जय हिंद.